जीभ जड नव्हती

मिरगाचा पाऊस लागला की आमच्या बँडला विसावा मिळतो. वैशाखातली लग्नं आटोपलेली असतात, लाल कोट धुऊन-वाळवून पेटीत गेलेले असतात आणि गणपतीपर्यंत सुपारी नसते. मुलांना शिकवायचे खरे दिवस हेच. वेंगुर्ल्यात माझ्या घरामागे एक मांगर आहे. पूर्वी तिथे गवत आणि लाकडं रचलेली असायची. आता बाकडी, नोटेशनचे स्टँड, चार ट्रम्पेट, ट्रम्पेटसारखीच पण आखूड दोन कॉर्नेट आणि खालच्या, भारदस्त आवाजाचं एक युफोनियम आहे. खाऱ्या हवेनं पितळ बघता बघता काळवंडतं, पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, चिकटतात. पुसायचं आणि तेल घालायचं, यातच पहिली दहा मिनिटं जातात.

त्या रविवारी पावसामुळे बाकीची मुलं आली नव्हती. आला तो एकटाच, आणि सोबत त्याचे वडील. मुलगा एकोणीस वर्षांचा. वडील दशावतारात पखवाज वाजवतात. कार्तिकातल्या जत्रांपासून पाऊस सुरू होईपर्यंत रात्र रात्र कंपनीबरोबर फिरतात, त्यामुळे जूनमध्येच काय ते घरी सापडतात. मुलाला पोलीस भरतीत बँड्समनच्या जागेसाठी उतरायचं होतं. स्वर स्वच्छ, वरचा सा घेताना कधी कचरत नाही, नोटेशन वाचतो. अडलं होतं एकाच ठिकाणी. जलद सूर सुटे सुटे काढता येत नव्हते.

ज्यांनी पितळी वाद्य हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रम्पेटमध्ये फुंक अखंड चालू असते आणि प्रत्येक सुराचा आरंभ जीभ करून देते. बँडमध्ये आम्ही त्याला टंगिंग म्हणतो. एका ठोक्यात चार सूर वाजवायचे आणि मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 120 ठोक्यांवर असला, तर सेकंदाला आठ वेळा जीभ लागली पाहिजे. हा मुलगा 96 वर अडकला होता, म्हणजे सेकंदाला सहाच्या थोडं वर. चार महिने तो तिथून हलला नव्हता. 100 वर गेला की सूर एकमेकांत मिसळायचे, चेहरा लाल व्हायचा आणि हनुवटी वर-खाली नाचायची.

मला येत होते ते सगळे उपाय मी करून पाहिले. दम वाढव म्हटलं, ओठ सैल सोड म्हटलं, माउथपीस ओठांवर दाबू नकोस म्हटलं. आठवड्याला दोन-दोन ठोक्यांनी लय वाढवायला लावली. फरक पडला नाही तेव्हा मनात जुनंच वाक्य आलं, याची जीभ जड आहे. हे वाक्य मी पूर्वी एकदा मोठ्यानं बोललो होतो. आठ वर्षांपूर्वी बंदरावरच्या एका खारव्याच्या मुलाला ते सांगून मी ट्रम्पेटवरून काढलं आणि युफोनियमवर बसवलं. दोन महिन्यांत त्यानं येणं सोडलं. त्याचा सूर काय गोल होता! तो गेला याचं वाईट वाटलं होतं, पण आपलं निदान चुकलं असेल असं कधी मनात आलं नाही.

त्या रविवारी तेच वाक्य मी जरा सौम्य करून वडिलांना सांगितलं. ते बाकड्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "मास्तरांनू, जीभ जड कशी आसतली? घरात पखवाजाचे बोल म्हणता तेवा माझ्या फुडे पळता तो." आणि मुलाकडे वळून, "म्हण रे."

मुलानं ट्रम्पेट मांडीवर ठेवला आणि सुरू झाला. "धुमकिट तकिट तका, तिट कत गदि गन." मग दुगुन, चौगुन, म्हणजे दुप्पट, चौपट लयीत. एक अक्षर पडलं नाही. मी मेट्रोनोम लावला आणि म्हटलं, नुसतं 'तततत' म्हण, ठोक्याला चार. 96 सहज, 108 सहज, 116 पर्यंत प्रत्येक त वेगळा ऐकू येत होता. 'तकतक' म्हणायला लावलं तर 132 वरही तुटेना. म्हणजे सेकंदाला जवळजवळ नऊ अक्षरं, आणि हनुवटी जागची हललेली नाही.

मी बराच वेळ गप्प बसलो. जी जीभ बोलताना एवढी धावते ती ट्रम्पेट लागला की का थांबते? शेवटी त्याला विचारलं, "वाजवताना तोंडात काय म्हणतोस?"

"टू टू टू टू, सर. तुमीच सांगलास ना."

वही काढून दाखवली. पहिल्याच पानावर मी फळ्यावर लिहिलेलं त्यानं वळणदार अक्षरात उतरवलं होतं: टू टू टू टू, आणि खाली टू कू टू कू.

'टू' म्हण म्हटलं. 96 ला अडखळला. हनुवटी नाचायला लागली. हातात ट्रम्पेटसुद्धा नव्हता.

आता मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. घरातून काळी राखुंडी आणली, आई अजून त्यानंच दात घासते. आरसा आणला, मोबाईलचा टॉर्च लावला. मुलाच्या जिभेच्या टोकाला राखुंडी लावली आणि सांगितलं, फक्त एकदा 'ट' म्हण आणि आ कर. वडील आणि मी, दोघं वाकून बघत होतो. काळा डाग टाळूवर उमटला होता, वरच्या हिरडीच्या उंचवट्याच्याही मागे. जीभ वळून, टोक वर करून तिथवर गेली होती. मग खळखळून चूळ भरली, पुन्हा राखुंडी लावली, 'त' म्हणायला लावलं. या वेळी डाग दातांच्या मागच्या बाजूला, हिरडीला लागून. दोन डागांत बोटाच्या अर्ध्या पेराचं अंतर असेल. पण सेकंदाला आठ वेळा जायचं-यायचं तर ते अर्ध पेर फार होतं. शिवाय 'ट'साठी जीभ आधी वळवावी लागते, 'त'साठी ती पडल्या जागेवरून नुसती टेकते.

वडिलांना हे माझ्याआधी कळलं. म्हणाले, "पखवाजावर पण तसाच. हात वयर गेलो काय लय गेली."

हा ट आला कुठून? माझ्याकडून. आणि माझ्याकडे माझ्या गुरूंकडून. ते फौजेतले, पचमढीला लष्कराच्या संगीत विद्यालयात शिकलेले. तिथली पुस्तकं इंग्रजी. इंग्रजीतला टी आपण मराठीत ट नं लिहितो. टेबल, टायर, ट्रम्पेट. कानाला ते खटकत नाही म्हणून कुणी विचार करत नाही. पण ट्रम्पेट-कॉर्नेटवाले आजही ज्या पुस्तकावर तयारी करतात ते ज्याँ-बाप्टिस्ट आर्बां या फ्रेंच कॉर्नेटवादकानं 1864 साली पॅरिसात छापलं, आणि त्यानं जिभेसाठी दिलेली अक्षरं 'तु', 'तु-कु' फ्रेंच आहेत. त्या रात्री मी मोबाईलवर फ्रेंच माणसांचं बोलणं लावून ऐकत बसलो. त्यांचा त थेट आपल्या तळ्यातला, तांदळातला त! दाताला टेकणारा, आणि श्वासाचा फुगा न सोडणारा. इंग्रज माणूस शब्दाच्या आरंभी टी म्हणतो तेव्हा ठ ला जवळ जाईल असा वारा सुटतो. आपल्याकडे त आणि थ, ट आणि ठ, द आणि ड अशी वेगवेगळी घरं लहानपणीच पाठ झालेली असतात. आर्बांच्या विद्यार्थ्याला हवं होतं ते अक्षर पखवाजवाल्याच्या मुलाच्या तोंडात आधीपासून होतं, आणि मी ते बदलून घेतलं होतं. हे लिहितानाही छातीत बारीक कळ येते.

रात्रीचं आधी सांगून टाकलं, दुपारचं राहिलंच. ट्रम्पेट तोंडाला लावून 'तु' म्हटल्यावर जादू झाली नाही. पहिला सूर चिरका निघाला, कारण 'त' म्हणजे जीभ दातांच्या मधून पुढे काढायची असं त्याला वाटलं. ती ओठांना लागत होती. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथेच टेकव, पुढे काढू नकोस, असं तीन-चारदा सांगावं लागलं. मग मधला ग धरून, मेट्रोनोम 60 वर, एका ठोक्याला एकच सूर. जोर लावायला गेला की 'तु'चा 'थु' व्हायचा. तेव्हा कागदाचा पातळ कपटा त्याच्या ओठांसमोर धरला. थ ला कपटा उडतो, त ला जेमतेम थरथरतो.

दुसरी खोड त्याहून जुनी निघाली. प्रत्येक सुराला तो फुंक तोडत होता. फू, थांब, फू, थांब. जीभ हलकी झाली तरी पोट धक्के देत असेल तर लय वाढत नाही. बाहेर मांगराच्या पन्हळीतून पावसाचं पाणी जाड धारेनं पडत होतं. त्याला तिथे नेलं आणि म्हटलं, धारेतून बोट आडवं फिरव, भराभर. धार तुटते आणि लगेच जुळते, पन्हळीला त्याचा पत्ताही नसतो. फुंक म्हणजे ही धार आणि जीभ म्हणजे बोट. तो भिजत उभा राहून दहा-बारा वेळा बोट फिरवत होता, त्याचे वडील पडवीतून बघत होते. आत येऊन त्यानं आधी एक लांब सूर धरला, मग त्याच सुरात हळूच 'तु तु तु तु' घातलं. मी हनुवटीखाली तळहात धरला होता. हनुवटी स्थिर होती.

त्या दिवशी आम्ही 84 च्या वर गेलो नाही. 96 वाजवणाऱ्या मुलाला मागे आणलं म्हणून वडील थोडे खट्टू झालेले दिसले, पण बोलले नाहीत. मला मात्र 84 वरचे ते सूर ऐकताना इतका आनंद झाला होता की मी बायकोला हाक मारून मांगरात बोलावलं. प्रत्येक सुराचं डोकं वेगळं होतं आणि शेपूट पुढच्याला जोडलेलं.

पुढचे आठवडे 'क' वर गेले. एकट्या त ची मर्यादा प्रत्येकाची असते, त्यापुढे दोन अक्षरांनीच जावं लागतं, जिभेचं टोक आणि जिभेचं मूळ आलटून-पालटून. मुळाचा सूर नेहमी दबका येतो. बरेचजण 'तकतक' जलद म्हणत बसतात आणि क दुबळाच राहतो. मी त्याला पंधरा दिवस फक्त क नं वाजवायला लावलं. कु कु कु कु, तेही 60 वर. आवाज बोदा येत होता. मग 'कु'च्या जागी 'कि' म्हणायला सांगितलं. 'का' म्हणताना जीभ घशाजवळ टेकते, 'कि' म्हणताना पुढे सरकते. हे कुणीही आत्ता तोंडात म्हणून बघावं. क जेवढा पुढे, तेवढा त ला जवळ, आणि तेवढा सूर उजळ. शेवटी 'कितकित', म्हणजे उलटं, ठोका क वर. ते जमलं की 'तकतक' मधला लंगडेपणा जातो. तीन-तीन सुरांच्या तुकड्यांना त्याच्या वडिलांनी सुचवलेला 'तकित' घेतला. पखवाजाचा बोल 'तकिट', शेवटचा ट आम्ही मुद्दाम त केला.

रोज संध्याकाळी तो वाजवलेलं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायचा आणि निम्म्या गतीनं ऐकायचा. जलद असताना सारखे वाटणारे सूर हळू केल्यावर खरे चेहरे दाखवतात. कुठला क बुडाला, कुठला त आधी पडला, सगळं दिसतं. श्रावण लागला तेव्हा एकट्या त नं 116 आणि दोन अक्षरांनी 138 स्वच्छ निघत होतं. भरतीची तारीख अजून जाहीर झालेली नाही. आता वडील पखवाज घेऊन येतात आणि दोघं समोरासमोर बसतात.

बाकीच्या दहा मुलांच्या वह्या मी त्याच आठवड्यात मागवून घेतल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर माझंच 'टू टू टू टू'. सगळीकडे लाल पेनानं काट मारून 'तु' लिहिलं, खाली तारीख घातली. मुलांनी कारण विचारलं तेव्हा मी चुकीचं शिकवलं होतं एवढं सांगितलं आणि राखुंडीची डबी त्यांच्यापुढे ठेवली.

एक वही मात्र माझ्याकडे येणार नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे बंदरावरचे लोक घरी असतात. जुलैतल्या एका सकाळी जुना कॉर्नेट पिशवीत घालून मी तिकडे गेलो. तो ओसरीवर जाळं पसरून फाटलेले फास विणत बसला होता. आता सत्तावीसचा आहे, मिशा आल्यात, मुलगी मांडीला टेकून बसली होती. मला बघून उठला, बसायला चटई टाकली, चहा सांगितला.

मी आडून बोललो नाही. "आठ वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं ना, तुझी जीभ जड आहे म्हणून? ते खोटं होतं. चूक माझ्या शिकवण्यात होती."

तो जाळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तरांनू, माका तेवा लय वायट वाटलेला." एवढंच.

मी कॉर्नेट काढला. त्यानं हात लुंगीला पुसले, तेलकट झालेली बोटं पिस्टनवर ठेवली, ती बरोबर जागेवर पडली. माउथपीस तोंडाला लावण्याआधी माझ्याकडे बघितलं.

"टू नको," मी म्हटलं. "मुलीला तांदूळ म्हणायला शिकवशील ना, त्यातला त."