अॅम्फिपॉडची नवी प्रजाती: मांडण्याआधी काय काय हातात हवं

कोकणात ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरचं सरगॅसम हे समुद्रशैवाल उपटून बादलीत झटकलं, की तळाशी तांदळाच्या दाण्याएवढे, दोन्ही बाजूंनी चपटे जीव कुशीवर पडून वळवळताना दिसतात. हे अॅम्फिपॉड. कोळंबी-खेकड्यांच्याच गोतातले, पण पाठीवर सलग कवच नाही आणि डोळ्यांना देठ नाही. त्यातला एखादा कुठल्याच ओळख-किल्लीत, म्हणजे लक्षणं पाहत प्रजातीपर्यंत नेणाऱ्या तक्त्यात, बसला नाही की लगेच ‘नवी प्रजाती’ म्हणावंसं वाटतं. तो किल्लीत न बसणं ही फक्त सुरुवात असते.

बिघडायचं ते बहुतेक वेळा किनाऱ्यावरच बिघडतं. सगळे नमुने फॉर्मॅलिनमध्ये टाकले तर डीएनए हाती लागत नाही. सगळे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाकले तर ते ठिसूळ होतात, आणि ताम्हिणी घाट चढून पुण्याला येईपर्यंत शृंगिका आणि मागचे पाय गळून बाटलीच्या तळाशी बसतात. म्हणून तिथेच दोन वाटे करावेत. एका वाट्यासाठी बाजारातलं फॉर्मॅलिन एक भाग आणि समुद्राचं पाणी नऊ भाग घ्यावं, म्हणजे साधारण ४ टक्के फॉर्माल्डिहाइड होतं. त्यात थोडा बोरॅक्स हवाच. नाहीतर आम्लामुळे कवचातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. काही दिवसांनी हे नमुने धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवायचे. दुसरा वाटा थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलायचं, कारण शरीरातल्या पाण्याने ते पातळ झालेलं असतं. बाटली काठोकाठ भरली की आतलं हिंदकळणं थांबतं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि ठिकाण-तारीख गेली की नमुनाही गेला.

होलोटाइपसाठी, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणाऱ्या एकमेव नमुन्यासाठी, पूर्ण वाढलेला, दोन्ही बाजूंचे अवयव शाबूत असलेला नर शोधावा. बऱ्याच कुलांत नराचा दुसरा नॅथोपॉड, म्हणजे पकडीच्या पायांची दुसरी जोडी, हीच ओळखीची मुख्य खूण असते, आणि ती कातीगणिक बदलत जाते. लहान नराच्या पंज्याची कड साधी असते. मोठ्या नरात त्याच कडेवर दात आणि खाच उमटतात. एकाच प्रजातीचे लहान नर, मोठे नर आणि माद्या वेगवेगळ्या नावांनी वर्णन झाल्याची उदाहरणं या गटात आहेत. त्यामुळे एका नमुन्यावर प्रजाती उभी करू नये असं माझं ठाम मत आहे, प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता त्याला परवानगी देत असली तरी. वेगवेगळ्या आकारांचे नर आणि अंडी बाळगणाऱ्या माद्या जमेपर्यंत थांबावं.

अल्कोहोलमधला प्राणी एकदम शुद्ध ग्लिसरिनमध्ये टाकला तर आतलं पाणी झपाट्याने बाहेर येऊन तो चेपतो. अल्कोहोलमध्ये थोडं ग्लिसरिन मिसळून, झाकण अर्धवट ठेवून अल्कोहोल हळूहळू उडू द्यावं. पाय काढताना तो ओढायचा नाही. ओढला तर वरचं कॉक्सा-पट्ट, म्हणजे पायाच्या मुळाची चपटी पाटी, शरीरालाच राहतं, आणि त्याचा आकार वर्णनात लागतोच. सुई पट्टाच्या वरून, स्नायूत घालून पाय मुळासकट सोडवायचा. एकाच बाजूचे अवयव काढावेत, दुसरी बाजू पुढच्या अभ्यासकांसाठी तशीच राहू द्यावी. याला अपवाद जबड्यांचा. डाव्या आणि उजव्या जबड्यावरचा हलता दात वेगळा असतो, म्हणून दोन्ही जबडे काढायचे आणि दोन्हींची चित्रं द्यायची. स्लाइडवर कव्हरस्लिपच्या कोपऱ्यांखाली फुटक्या कव्हरस्लिपचे तुकडे ठेवावेत. नाहीतर पंजा दबून पसरतो आणि लांबी-रुंदीची सगळी मापं खोटी ठरतात.

चित्रं कॅमेरा ल्युसिडावरून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर दाखवणाऱ्या जोडणीवरून, पेन्सिलीने काढून मग टॅब्लेटवर शाई केली तरी चालतं. फोटो मात्र पुरत नाही. पंज्याच्या कडेवरचे जाड काटे आणि त्यांच्यामागचे बारीक केस वेगवेगळ्या पातळीवर असतात. फोटोत एक फोकसमध्ये आला की दुसरा धूसर होतो. काटे मोजून काढायचे, अंदाजाने नाही.

सगळ्यात जास्त वेळ तुलनेला लागतो, आणि तो द्यावाच. आपल्या भागासाठी वॉकरचं १९०४चं श्रीलंकेवरचं काम, बर्नार्डचं १९३५चं इंडियन म्युझियमच्या संग्रहावरचं आणि नायरचं १९५९चं मद्रास किनाऱ्यावरचं काम हाताखाली असायला हवं. जुनी वर्णनं तोकडी असतात आणि दूरच्या समुद्रातली नावं भारतीय नमुन्यांना सर्रास दिली गेली आहेत. अशा नावाशी तुलना करताना त्याचा मूळ नमुना ज्या ठिकाणचा, तिथल्या वर्णनाशी करायची. नंतर त्याच नावाखाली इथून झालेल्या नोंदीशी केली तर आपण आपल्याच प्राण्याची आपल्याच प्राण्याशी तुलना करून बसतो. वंशातल्या सर्व मान्य प्रजाती आणि रद्द झालेली समानार्थी नावं जागतिक अॅम्फिपॉड सूचीत तपासता येतात.

डीएनएसाठी पॅराटाइपचा, म्हणजे वर्णनात वापरलेल्या होलोटाइपखेरीज इतर नमुन्याचा, एक पाय पुरतो. सीओआय या मायटोकाँड्रियातल्या जनुकाचा सुमारे ६५८ बेसचा तुकडा मिळाला की आधी त्याचं प्रथिनात भाषांतर करून पाहावं. मध्येच थांबा-संकेत आला तर तो केंद्रकातला निकामी तुकडा असू शकतो. पण त्याआधी सॉफ्टवेअरमध्ये अपृष्ठवंशी मायटोकाँड्रियाचा तक्ता, म्हणजे क्रमांक ५, निवडला आहे ना ते बघा. सर्वसाधारण तक्त्यात टीजीए म्हणजे थांबा. इथे ते ट्रिप्टोफॅन असतं.

१९९९नंतर मांडलेल्या प्रजातीच्या नावाला होलोटाइप, किंवा त्या जागी सिनटाइप (मिळून नावाचा आधार ठरणारे अनेक नमुने), स्पष्टपणे ठरवून देणं बंधनकारक आहे. ते कुठल्या संग्रहात आहेत किंवा ठेवले जातील तेही लिहावं लागतं. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद आधी करून तिचा पुरावा निबंधातच छापावा, नाहीतर नाव ग्राह्यच धरलं जात नाही. विशेषणासारखं नाव असेल तर त्याचं लिंग वंशाच्या नावाशी जुळायला हवं. निबंध निघण्याआधी नाव वर्तमानपत्रात येऊ देऊ नये; ते मान्य ठरत नाही, पण याद्यांमध्ये शिरतं आणि पुढे निस्तरत बसावं लागतं.

जैवविविधता कायदा, २००२च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती अधिकृत भांडाराला कळवून नमुने तिथे जमा करायचे असतात. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असं भांडार आहे आणि त्याचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे, त्यामुळे पुणेकरांना हे काम गावातल्या गावात होतं. निबंध पाठवण्याआधी नोंदणी क्रमांक मागून घ्या. होलोटाइपचं उरलेलं शरीर छोट्या कुपीत, तोंडाला कापसाचा बोळा लावून, अल्कोहोलच्या मोठ्या बाटलीत बुडवून द्यावं. त्याच्या स्लाइड वेगळ्या पेटीत जातात, म्हणून प्रत्येक स्लाइडवर आणि कुपीतल्या चिठ्ठीवर तोच क्रमांक, ‘होलोटाइप’ हा शब्द आणि कोणता अवयव कुठल्या बाजूचा, हे सगळं लिहून द्यावं.