परत कधी जाणार?

मार्च आला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. बाजारात त्साओथौ नावाची पालेभाजी येते आणि माझ्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत येते. यंदा दोन्ही कामं एकाच दिवशी उरकायची ठरवली.

शांघायला आम्ही 2017 च्या मार्चमध्ये आलो. नवऱ्याची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. "दोन वर्षं, फार तर तीन," असं सांगून त्यांनी पाठवलं होतं. नाशिकहून निघताना आईने दोन वर्षं पुरेल या हिशेबाने गोडा मसाला बांधून दिला होता. तो संपूनही आता जमाना झाला.

सकाळी वेइनिंग रोडला मेट्रोची दोन नंबरची लाइन पकडली. अकरावं स्टेशन माझं. मेट्रोचं तिकीट इथे तीन युआनपासून सुरू होतं, आणि त्या पैशात अख्खं शहर बघायला मिळतं. जिंगआन टेंपलला ऑफिसवाले उतरतात, पीपल्स स्क्वेअरला रेटारेटी, नानजिंग ईस्ट रोडला बॅगा ओढणारे पर्यटक. त्यानंतर गाडी ह्वांगफू नदीच्या पोटाखालून जाते. डोक्यावरून मोठमोठी जहाजं जात असतील, पण खाली कुणी मोबाइलमधून मान वर काढत नाही. पहिल्या वर्षी मी दर वेळी मोजायचे, आता नदी लागली असेल, आता संपली असेल. हल्ली मीही पेंगते.

विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयाच्या स्टेशनवरून मिनशंग रोडवरचं परदेशी नागरिकांचं कार्यालय चालण्याच्या अंतरावर आहे. काम चोख होतं. टोकन घ्यायचं, फॉर्म, फोटो, पोलिसांकडे राहत्या पत्त्याची नोंद केल्याचा कागद आणि नवऱ्याची कागदपत्रं द्यायची. एका वर्षाहून कमी मुदतीच्या परवान्याला 400 युआन, एक ते तीन वर्षांच्या परवान्याला 800. पासपोर्ट ते ठेवून घेतात आणि हातात एक पावती देतात. परक्या देशात पासपोर्टाशिवाय बाहेर पडताना पोटात जो बारीक गोळा येतो, तो इतक्या वर्षांनीही येतोच.

माझा परवाना नवऱ्याच्या परवान्याला टाचलेला. त्यावर राहता येतं, नोकरी करता येत नाही. नाशिकला मी कॉलेजात शिकवत होते. इथे कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की मी पहिली दोन वर्षं लांबलचक उत्तर द्यायचे. आता "स्वयंपाक" म्हणते आणि विषय बदलते.

बाकावर शेजारी एक पिकल्या केसांचे युरोपीय गृहस्थ बसले होते. चोवीस वर्षं शांघायमध्ये इंग्रजी शिकवलेले, चिनी इतकं सफाईदार की टोकनच्या मशीनपाशी गोंधळलेल्या एका चिनी बाईंनाच ते समजावून सांगत होते. आता साठी उलटली. साठीनंतर परदेशी माणसाला कामाचा परवाना सहसा मिळत नाही. कायमस्वरूपी वास्तव्याचं कार्ड 2004 पासून आहे, पण ते मिळायला मोठा पगार, मोठी गुंतवणूक, मोठं नाव किंवा चिनी जोडीदार लागतो. त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून आता मायदेशी निघायचं होतं. बाल्कनीत पन्नासेक कुंड्या होत्या, त्यांचं काय करायचं हाच त्यांना सगळ्यात मोठा घोर. "घरी जाताय, बरं वाटत असेल," असं मी म्हणून गेले आणि लगेच जीभ चावली. ते हसले. कुठल्या घरी, असं त्यांनी विचारलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

2020 च्या जनगणनेत चीनच्या मुख्य भूमीवर 8,45,697 परदेशी नागरिक मोजले गेले. एकशे चाळीस कोटींत एवढे. म्हणजे डाळीतल्या मोहरीइतकेही नाही. त्यामुळे आपल्याला विसरून जाणं या देशाला सहज जमतं, आणि आपण इथे आहोत हे आपल्याला मात्र एक दिवसही विसरता येत नाही. लाओवाय हा शब्द दिवसातून एकदा तरी कानावर पडतोच. "लाओ" म्हणजे म्हातारा, जुनाजाणता. "वाय" म्हणजे बाहेरचा. शिवी नाही, मानही नाही. कितीही जुने झालात तरी बाहेरचेच, असा मी त्याचा अर्थ लावते. भाषेचे जाणकार म्हणतील हा लावलेला अर्थ आहे. असेल.

तरी सोय एवढी की कुणाला सांगायची चोरी. लेकीला रात्री अकराला ताप भरला तेव्हा औषध अर्ध्या तासात दारात होतं. रात्री एक वाजता मी एकटी चालत घरी येते, हातात किल्ल्या आवळून धरलेल्या नसतात. हे पुण्यातल्या बहिणीला सांगितलं की ती गप्प होते. पण त्याच रात्री आईला व्हॉट्सअ‍ॅपवर बघायचं तर आधी व्हीपीएन लावायचं, म्हणजे इथली इंटरनेटवरची बंदी चुकवणारं सॉफ्टवेअर. इथले लोक त्याला "भिंत ओलांडणं" म्हणतात. मी नऊ वर्षं रोज संध्याकाळी भिंत ओलांडून आईला विचारते, "जेवलीस का?"

आणि 2022. कोविडपायी एप्रिल-मे, दोन महिने दाराला कुलूप. सोसायटीच्या फाटकाला बाहेरून पत्रे ठोकलेले. सुरुवातीला पॉझिटिव्ह आलेल्या मुलांना आई-बापांपासून वेगळं ठेवत होते. लेकीच्या नाकात काडी घालायची वेळ आली की माझे हात गार पडायचे. इतका राग मला कुठल्याही गावाचा कधी आला नव्हता. त्याच दिवसांत सहाव्या मजल्यावरच्या आजी, ज्यांच्याशी पाच वर्षांत मान हलवण्यापलीकडे संबंध नव्हता, आमच्या दाराच्या मुठीला पिशव्या अडकवून जायच्या. सरकारी पिशवीत एकदा डुकराचं मटण आलं. आम्ही खात नाही हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. ते त्यांनी नेलं आणि बदल्यात बटाटे, आलं आणि तीन अंडी ठेवली. अंडी वर्तमानपत्रात एकेक वेगळी गुंडाळलेली. बिल्डिंगच्या वीचॅट ग्रुपवर मी पहिल्यांदाच चिनीत मोठा मेसेज लिहिला तोही तेव्हाच, तीस-तीसच्या ट्रेमधल्या अंड्यांच्या वाटणीबद्दल.

कुलूप उघडलं आणि परदेशी लोक भराभर निघाले. परदेशी लोकांच्या ग्रुपवर रोज सोफे, ओव्हन, मुलांच्या सायकली विकायला. आमच्या ओळखीची मराठी घरं निम्मी रिकामी झाली. त्या वर्षी गणपतीला मोदक वळायला आम्ही तिघीच. त्यात एकीने तांदळाच्या पिठाऐवजी चिकट तांदळाचं पीठ आणलं, आणि उकड हाताला अशी चिकटली की मोदकांचा शेवटी गोळाच झाला. आम्ही का थांबलो? मोठं कारण सांगता येत नाही. लेकीची शाळा, नवऱ्याचा प्रकल्प. शिवाय इतकं सोसल्यावर लगेच निघणं म्हणजे पैसे भरून नाटकाच्या मध्यंतरात उठण्यासारखं वाटत होतं.

कार्यालयातून निघाले आणि सरळ घरी न जाता माओमिंग दक्षिण रोडला गेले. तिथे कोपऱ्यावर रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे. 2010 साली राष्ट्रपती असताना आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं अनावरण केलं होतं. या भागातली चिनारासारखी झाडं मार्चमध्ये अजून बोडकी असतात, आणि कम्पाउंडांच्या आत कुठे कुठे पांढरी मॅग्नोलिया फुललेली. पुतळ्याजवळ एक आजोबा घडीच्या स्टुलावर ऊन खात बसले होते. मला बघून त्यांनी विचारलं, "भारतातली?"

हो म्हटल्यावर ते खुलले. त्यांचे वडील सांगायचे म्हणे, शांघायच्या जुन्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत, म्हणजे परकीयांच्या अमलाखालच्या भागात, चौकाचौकांत लाल फेटेवाले शीख पोलीस उभे असायचे. "हुंगथौ आसान!" असं म्हणून ते खदाखदा हसले. लाल डोक्याचा आसान. आसान हे त्या शिपायांना पडलेलं टोपणनाव. हा शब्द मला माहीत होता. इंग्रजांनी आणलेल्या त्या शिपायांच्या दंडुक्याची चीड आणि टिंगल, दोन्ही त्यात मुरलेली आहे. इंटरनेटवर भारतीयांना हिणवायला तो आजही वापरतात. माझा चेहरा पडला असावा. पण आजोबांच्या ते गावीही नव्हतं. पुढच्याच श्वासाला त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "के दीह्वा! के दीह्वा खूप मोठा माणूस."

के दीह्वा म्हणजे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. आपले सोलापूरचे. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला आले, आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी इथेच गेले. मी सांगितलं की ते माझ्याच राज्यातले, आणि माझी भाषा त्यांनाही येत होती. आजोबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. ज्या तोंडातून आत्ता आसान निघालं होतं, त्याच तोंडातून हे. रागवायचं की भरून यायचं, काहीच ठरेना. मी नुसतीच मान डोलावत राहिले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो टॅक्सीवाले, भाजीवाल्या, लेकीच्या मैत्रिणींच्या आया, सगळेच विचारतात:

"मग, परत कधी जाणार?"

यात हाकलण्याचा सूर नसतो. पाहुण्याची विचारपूस असते, इतकंच. गंमत म्हणजे नाशिकला उतरले की दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूही हेच विचारतात, "मग, परत कधी?" दोन्हीकडे मी तारीख सांगते. मधल्या काळात तर तीही सांगता येत नव्हती. 2020 पासून पाच वर्षं दोन्ही देशांत थेट विमान नव्हतं. बँकॉक नाही तर सिंगापूरच्या विमानतळावर लेकीला बाकावर झोपवून रात्र काढायची. 2025 च्या ऑक्टोबरात थेट विमानं पुन्हा सुरू झाली.

येताना भाजीबाजारात शिरले. त्साओथौ आलेली होती, जुडी नव्हे, मोकळी ढिगाने. तीन-तीन पानांची, थेट मेथीसारखी दिसते, पण कडूपणाचा पत्ता नाही. शांघायवाले ती मोठ्या आचेवर परतून वरून दारूचा हबका मारतात. मी लसूण आणि मूगडाळ घालते, आणि चुकल्यासारखं वाटलं तर चिमूटभर कसुरी मेथी चुरडते. लेक याच भाजीला मेथी समजून वाढली. गेल्या खेपेला नाशिकला आजीने खरी मेथी वाढली तर पहिल्याच घासाला तोंड वाकडं करून म्हणाली, "आजी, ही खराब झालीय." आईला हसू आवरेना. मला मात्र घास गिळायला वेळ लागला.

भाजीवाल्या बाई आन्हुइ प्रांतातल्या. त्याही इथे बाहेरच्याच. शांघायचा हुखौ, म्हणजे रहिवासाची नोंद, त्यांच्याकडेही नाही. पिशवी भरता भरता त्यांनी विचारलं, आज उशीर का? मी पावती दाखवली. त्यांनी ओले हात अ‍ॅप्रनला पुसून ती नीट वाचली, घडी करून परत दिली, वजन केलं, मोबाइलवर पैसे आल्याचा आवाज ऐकला, आणि आपल्याकडे भाजीवर कोथिंबीर टाकतात तशी कांद्याच्या पातीची एक बारीक जुडी न मागता पिशवीत टाकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.