जागतिक बाजारपेठेत राष्ट्रीय सरकारांचे काम

जागतिकीकरणामुळे राष्ट्रीय सरकारांचे महत्त्व संपत चालले आहे, हे विधान मला कधीच पटलेले नाही. त्यांच्या हातातील काही साधने दुबळी झाली हे खरे. पण संकट कोसळले की ते निस्तरण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येते.

आइसलँडमधील तीन मोठ्या बँकांचा पसारा २००८ पर्यंत त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दहापट झाला होता आणि त्यांचे असंख्य ठेवीदार ब्रिटन व नेदरलँड्समध्ये होते. ऑक्टोबर २००८ मध्ये या बँका बुडाल्या, तेव्हा देशांतर्गत ठेवींना हमी देणे, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेणे आणि भांडवल बाहेर जाण्यावर निर्बंध घालणे हे सारे तीन लाखांहून थोडी अधिक लोकसंख्या असलेल्या देशाच्या सरकारला करावे लागले. ते निर्बंध मुख्यतः २०१७ मध्ये उठले. मलेशियाने १९९८ मध्ये असेच निर्बंध घातले, तेव्हा त्यावर कडाडून टीका झाली होती. मात्र विशिष्ट परिस्थितीत असे उपाय योग्य ठरू शकतात, हे नाणेनिधीनेही २०१२ मध्ये मान्य केले.

मला अधिक अस्वस्थ करतो तो करांचा प्रश्न. कंपनीला आपला नफा कागदोपत्री दुसऱ्या देशात दाखवता येतो. पगारदाराला आपला पगार तसा हलवता येत नाही. ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा मुख्य दर १९८० च्या दशकारंभी ५२ टक्के होता, तो २०१७ पर्यंत १९ टक्क्यांवर आला. त्याच काळात खरेदीवर सर्वांनाच भरावा लागणारा मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला. या बदलांमागे इतरही कारणे होती, परंतु भार कोणाकडे सरकला हे स्पष्ट आहे. हे अटळ होते असे मी मानत नाही, कारण त्याच ब्रिटनने २०२३ मध्ये मोठ्या नफ्यावरील दर पुन्हा २५ टक्क्यांवर नेला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर आकारण्याचे मान्य केले, तेव्हा कंपन्यांना आकर्षित करण्यासाठी कर कमी करण्याची देशांमधील चढाओढ थांबेल अशी आशा मला वाटली होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हा करार आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. तरीही उरलेल्या सरकारांनी तो सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. कारण एका देशाने न आकारलेला कर दुसऱ्या देशाला वसूल करता यावा, अशी तरतूद त्यात आहे.