भोगीच्या जेवणात भाकरीबरोबर काय काय करता?

आमच्याकडं बेळगावात भोगीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, दुपारी सगळे घरात जमतात, खानापूरहून काका-काकू, निपाणीहून आत्या, पंधरा माणसं सहज. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी तर असतंच, पण खरं जेवण भरतं ते सोबतच्या भाज्यांनी असं मला मनापासून वाटतं.

पहिला मान भोगीच्या मिक्स भाजीचा, गाजर, पावटा, ओला हरभरा, वांगं, शेंगदाणे, वरून तिळाचं कूट. पण आमच्या घरात आधी संपतं ते एण्णगायी, म्हणजे कानडी पद्धतीचं भरलं वांगं. १ किलो छोटी काटेरी वांगी घ्या, देठ ठेवून चार चिरा द्या आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाका नाहीतर काळी पडतात. सारणाला १ वाटी भाजलेले शेंगदाणे, अर्धी वाटी तीळ, २ चमचे गुरेळ (कारळं हो), सुकं खोबरं, भाजलेला कांदा, चिंच, गूळ, तिखट. तेलात हात आखडू नका, नावातच तेल आहे, एण्णी म्हणजे तेल. आणि रश्श्याला पाणी गरमच घाला, गेल्या वर्षी मी घाईत गार ओतलं आणि तेलाचा तवंगच आला नाही, फार वाईट वाटलं.

बाकी मटकीची उसळ, मुगाच्या डाळीची कोसंबरी (कानडी पद्धतीची कोशिंबीर). शेंगाचटणी आदल्या रात्रीच कुटून ठेवा, सकाळी चुलीपाशी वेळ मिळत नाही. भातावर आमटी मात्र आईच्याच हातची पाहिजे.