तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन घेऊ की हाच चालेल?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी सव्वीस वर्षांपासून कॉम्प्युटर दुरुस्त करते आहे. पंधराएक वर्षांपासून मोबाइलही. इतक्या वर्षांत सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच: “ताई, नवीन घेऊ की हाच चालेल?” टेबलापाशी तर विचारतातच, पण हळदीकुंकवाला, नाटकाच्या मध्यंतरात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही कुणीतरी हळूच फोन पुढे केला होता.

गेल्या आठवड्यात लोकमान्य नगरातल्या एका काकांचा फोन आला. लॅपटॉप आठ वर्षांचा, चालू व्हायला पाच मिनिटं घेतो. मुलगा पुण्याहून म्हणतो, टाकून द्या. नवीन मशीन वीज कमी खातं, पर्यावरणालाही ते बरं. “तू नेहमी पर्यावरणाचं बोलतेस, आता तूच सांग,” काका म्हणाले. मी “टाकू नका” एवढंच म्हणाले, कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं. कारण सांगायचं राहिलं, ते आज लिहिते.

काका, तुमच्या मुलाचं म्हणणं फ्रिजच्या बाबतीत बरोबर आहे. जुना फ्रिज रात्रंदिवस वीज ओढतो, तो बदलला तर काही वर्षांत फरक भरून निघतो. लॅपटॉपचं गणित उलटं आहे. समजा तुमचा लॅपटॉप तीस वॉट खातो आणि तुम्ही तो रोज पाच तास वापरता. वर्षाला झाली पंचावन्न युनिटं. नवा वीस वॉटमध्ये भागवेल, म्हणजे वर्षाला अठरा युनिटं वाचली. आपल्या देशातली वीज अजून बरीचशी कोळशावरची, त्यामुळे एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात. अठरा युनिटांचा झाला तेरा किलोच्या आत. आणि एक नवा लॅपटॉप बनतानाच साधारण दीडशे ते अडीचशे किलो हवेत जातो. हे आकडे कंपन्या स्वतःच छापतात. दीडशेच धरला, तरी तो वाचवलेल्या विजेतून फेडायला बारा वर्षं लागतील. बारा वर्षं तो नवा लॅपटॉप टिकणार आहे का?

मोबाइलचं तर याहून ठळक. पाच हजार एमएएचची बॅटरी रोज पूर्ण चार्ज केली तरी वर्षभरात नऊएक युनिटं होतात. दोन हजार वॉटचा गीझर रोज अर्धा तास लावला, तर तेवढी वीज नऊ दिवसांत जाते. फोनचं खरं ओझं खाणीत आहे, चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे, आणि ते तुम्ही डबा उघडायच्या आधीच पृथ्वीवर पडलेलं असतं. तुमच्या हातात उरतं ते एवढंच, की त्या ओझ्याच्या बदल्यात फोन दोन वर्षं वापरायचा की सात.

एक अपवाद मी नेहमी सांगते. कुणाकडे अजून तो जुना, पोटवाला काचेचा मॉनिटर असेल तर तो द्या काढून. तो एकटा सत्तर-ऐंशी वॉट खातो आणि त्याच्या काचेत शिसं असतं. पण फोडू नका आणि माळ्यावरही टाकू नका.

आता वस्तू जुनी का होते ते सांगते, कारण खरं दुखणं तिथं आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या दहातल्या सात-आठ मशीनचं हार्डवेअर धड असतं. लॅपटॉपला हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फायली साठवणारी वेगवान चिप) टाकली, रॅम म्हणजे कामापुरती मेमरी चार जीबीची आठ केली, पंखा साफ करून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली, की पाच मिनिटांचं काम तीस सेकंदांवर येतं. तरी लोक टाकतात, कारण मशीनला बाहेरून सांगितलं जातं की तू आता संपलास. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्याच्या आधीचा चालत नाही. काका, तुमचा सातव्या पिढीचा आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेलं नाही.

त्या महिन्यात आपल्याकडच्या एका मराठी संस्थेच्या कार्यालयातले अकरा संगणक एकदम माझ्याकडे आले, “भंगारात काय भाव येईल” असं विचारायला. नऊ मी परत पाठवले, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून. कार्यालयात चालतं काय? पत्रं, पावत्या, सभासदांची यादी, कार्यक्रमांची आमंत्रणं. त्याला पुरून उरतं. अडचण आली ती जुन्या मराठी फॉन्टची. पंचवीस वर्षांच्या फायली अशा फॉन्टमध्ये होत्या की नव्या ठिकाणी उघडल्या तर नुसती चित्रविचित्र अक्षरं. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत आणायला मला आणि तिथल्या कारकून बाईंना तीन आठवडे लागले. पण ते काम कधीतरी करायलाच हवं होतं, आणि आता त्या फायली कुठल्याही मशीनवर उघडतील.

“पण ताई, इंदूरात काय चिंता? आपण तर कचरागाडीत देतो,” असंही ऐकते. २०१७ पासून स्वच्छतेत आपलं नाव वर आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. सकाळी गाडी आली की सहा प्रकारचा कचरा वेगळा देतो, त्यात इ-कचऱ्याचा कप्पा आहे. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्याची आहे. पण ओल्या कचऱ्याचा गॅस होतो, खत होतं. भाजीच्या देठाचं आयुष्य संपलेलंच असतं. फोनचं तसं नाही. चार्जिंग पिन गेलेला फोन कप्प्यात पडला, तर चांगली स्क्रीन, चांगला कॅमेरा, चांगला बोर्ड सगळं त्याच्याबरोबर गेलं. जगभरात २०२२ साली ६.२ कोटी टन इ-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद होती फक्त २२.३ टक्क्यांची. आपल्या देशातला असा नोंदीबाहेरचा पुष्कळसा कचरा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या, मुरादाबादसारख्या ठिकाणी पोचतो. तिथं तांब्यासाठी तारा जाळतात, सोन्यासाठी बोर्ड तेजाबात बुडवतात, आणि हे करणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा मोजेसुद्धा नसतात. म्हणून कबाड्याला बोर्ड किलोवर देणं मी केव्हाच बंद केलं. जे खरंच मेलं आहे, ते मी नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे साठवून पाठवते. भाव कमी मिळतो.

हे झालं पर्यावरणाचं. पण मला याहून जास्त लागते ती दुसरी गोष्ट.

आमच्या गल्लीत चार घरी पोळ्या करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचा फोन म्हणजे एका मालकिणीनं दिवाळीला दिलेला, तिच्या मुलाचा जुना. त्यावर त्या नातीशी व्हिडिओवर बोलतात, मुलाचे पैसे आले की बघतात. मागच्या वर्षी त्यांना एका योजनेचं केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी करायची होती. अॅप त्या फोनवर उघडेना. फोनचं अँड्रॉइड जुनं. जिथं गेल्या तिथल्या माणसानं तोंड वर न करता सांगितलं, “नवा मोबाइल घ्या.” त्यांच्या दीड महिन्याच्या कमाईचा फोन, योजनेचा हप्ता चालू राहावा म्हणून. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा फोन पदरात गुंडाळून आणला होता, जणू त्यांचंच काही चुकलं होतं. मी माझ्या फोनवरून त्यांचं केवायसी करून दिलं. त्याला चार दिवस लागले, कारण आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. जुना फोन चालू ठेवणं हा फक्त झाडापाण्याचा प्रश्न नाही. आपण टाकतो तो फोन दुसऱ्या हातात जातो, तिथून तिसऱ्या. त्या तिसऱ्या हातातल्या फोनवर रेशन, पेन्शन, बँक चालते की नाही, यावर ठरतं की हा सगळा डिजिटल कारभार कुणासाठी आहे. सरकारी अॅप बनवणाऱ्यानं आधी त्या तिसऱ्या हातातल्या फोनवर ते चालवून बघावं. जमत नाही असं नाही. २०२२ च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेनं साध्या बटणांच्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही पैसे पाठवायची सोय सुरू केली. इंटरनेट नसतानाही नुसता फोन लावून पैसे पाठवता येतात. युरोपात जून २०२५ पासून नियमच आहे: फोनच्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये आलं, ते चांगलंच झालं. पण माझ्या टेबलावर अजूनही बॅटरी अशी चिकटवलेली येते की ती काढताना स्क्रीन वाचेल की नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवावं लागतं.

कुणी म्हणेल, वीज काय, आता सौर येते आहे. येते आहे, आणि यावीच. आपलं नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून, विंध्य चढून येतं. ते चढवायला लागणारी वीज उन्हातून मिळावी म्हणून आपल्या महापालिकेनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी कर्ज उभारायचे रोखे) काढले, ६० मेगावॉटच्या प्रकल्पासाठी. पण मागणीही बसून राहिलेली नाही. २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरनी, म्हणजे इंटरनेटचा कारभार चालवणाऱ्या संगणकांच्या कोठारांनी, सुमारे ४१५ अब्ज युनिटं वीज वापरली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे की २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून वर, ९४५ अब्जांच्या आसपास जाईल.

मी वीज नको म्हणणाऱ्यांतली नाही. मी काम सुरू केलं तेव्हा मालव्यात तासन्‌तास वीज जायची; सोल्डरिंग आयर्न तापायच्या आत दिवे जात. नर्मदेवरचं इंदिरा सागर धरण झालं, हजार मेगावॉट वीज आली, तेव्हा मीही सुटकेचा श्वास टाकला होता. पुढे पाच-सहा वर्षांनी छनेऱ्याचे एक गृहस्थ एक बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन आले. मूळचे खंडवा जिल्ह्यातल्या हरसूदचे. २००४ मध्ये धरणाच्या पाण्यासाठी ते अख्खं गाव रिकामं केलं. लोकांनी आपलीच घरं आपल्या हातांनी पाडली, विटा आणि चौकटी ट्रॉलीत घालून नेल्या. त्यांनी घराचे, गल्लीचे, दुकानाचे सगळे फोटो स्कॅन करून त्या डिस्कमध्ये ठेवले होते आणि कागदावरचे मूळ फोटो नव्या घराच्या ओलीत गेले होते. अकरा दिवस लागले, पण बहुतेक सगळे निघाले. एकेक फोटो स्क्रीनवर येत होता आणि ते मला सांगत होते, हा आमचा ओटा, ही शेजारच्यांची म्हैस, इथं चक्की होती. माझ्या खोलीतला दिवा, तो मॉनिटर, सगळं जळत होतं त्याच जाळ्यातल्या विजेवर. मी काहीच बोलू शकले नाही. पैसे मी घेतले नाहीत.

युनिट म्हटलं की मला ते गृहस्थ दिसतात. म्हणून एखादं मशीन आणखी चार वर्षं चालणार असेल, तर मी त्यासाठी एक रविवार घालवते आणि मला तो जड वाटत नाही.

तर काका, तुमच्या लॅपटॉपचं. एसएसडी आणि रॅम मिळून नव्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यात काम होईल. बॅटरी फुगली असेल तर ती आधी बदलू, त्यात हयगय नको. विंडोज १० च ठेवायचं असेल तर नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील. तोवर काकूंना लिनक्सची सवय होईल, कारण तो लॅपटॉप त्याच जास्त वापरतात हे मला माहीत आहे. बँकेचं काम मात्र अपडेट मिळत असलेल्या मशीनवरच करा. शनिवारी चारनंतर घेऊन या. चार्जर आठवणीनं आणा, आणि माळ्यावर जे दोन जुने फोन आहेत म्हणालात, तेही आणा. त्यातला एक जरी नीट चालला, तरी मावशींच्या फोनची स्क्रीन आता फारच तडकली आहे.