संक्रांतीचं वाण आणि बोरन्हाणाची झबली

महिला मंडळ म्हणलं की लोकांना भजन, कोजागिरीचं दूध आणि वर्षाची एक सहल एवढंच आठवतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. पुण्यातल्या आमच्या कॉलनीच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे शिवणकामाचा सीझन. कार्यक्रम एका संध्याकाळचा, संक्रांत ते रथसप्तमी यातला सगळ्यांना जमेल असा शनिवार नाहीतर रविवार. पण त्याची तयारी मार्गशीर्षातले गुरुवार संपत आले की सुरू व्हायची, आणि माझ्या मनात जे घट्ट बसलंय ते सगळं त्या तयारीच्या संध्याकाळींचंच आहे.

नियम एकच होता, वाण विकत आणायचं नाही. बाजारात तेव्हाही स्टीलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, काय वाट्टेल ते वाणाला मिळायचं आणि घरोघरी त्याचे ढीग साठायचे. आमच्याकडे मात्र बायका जेवणं लवकर उरकून कॉलनीच्या हॉलमधे जमायच्या, सतरंजी घालायची, मंडळाचं पायाचं मशीन भिंतीशी आणि कुणीतरी घरून उचलून आणलेलं हाताचं मशीन खाली सतरंजीवर. कापणाऱ्या वेगळ्या, टीप मारणाऱ्या वेगळ्या, नाड्या ओवणाऱ्या आणि दोरे कापणाऱ्या वेगळ्या, आणि ज्यांना सुईत दोरा घालायला दिसत नाही त्या आज्या बसून सगळ्यांना गोष्टी सांगायच्या, तेही कामच होतं. आम्ही मुली शाळेतून आलो की आमच्याकडे बॉबिन भरायचं काम. ते मला फार आवडायचं, दोरा सरसर सरसर गुंडाळला जाताना बघत राहावंसं वाटायचं.

वाण बहुतेक वर्षी बटवा. सुपारी-लवंग ठेवायचा छोटा नाही, चांगला हातभर पैसे-किल्ल्या मावतील असा. बटव्यात खरी गंमत नाडीची असते. एक नाडी डावीकडून घालून पूर्ण फेरी मारून डावीकडेच बाहेर काढायची आणि दुसरी उजवीकडून घालून उजवीकडे, मग दोन्ही टोकं ओढली की तोंड असं बंद होतं की एक रुपया सांडणार नाही. नाडीच्या टोकाला उरलेल्या चिंध्यांचे गोंडे. चिंधी तर एकही टाकली जायची नाही, मोठ्या तुकड्यांची भांडी धरायची पकड, त्याहून लहान असतील त्यांचे गोंडे, अगदी बारीक कपटे उशीत. खणाचे तुकडे असले तर त्याच्यासाठी भांडणं व्हायची (गोड भांडणं). आमच्याकडे एक बेळगावच्या वहिनी होत्या, त्या माहेरी गेल्या की येताना खण घेऊन यायच्या. खण विणले जातात तिकडेच, बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्डला, आणि वहिनींना त्याचा इतका अभिमान की खण कापायला त्या कुणाला द्यायच्याच नाहीत, स्वतः कापायच्या.

2018 साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली ना, त्याच्या पुढच्याच संक्रांतीला मंडळाने कापडी पिशव्या केल्या, भाजीची पिशवी, आतून कप्पे. जुन्या कॉटनच्या साड्या मागवल्या होत्या घराघरातून. एकेका घरातून इतक्या सुंदर साड्या आल्या की कापवेना. आजही मंडईत एखाद्या बाईच्या हातात तसली पिशवी दिसली की मी लांबूनच ओळखते, ही आपली, आणि हा काठ अमुक काकूंच्या साडीचा.

पण वाणापेक्षाही माझा जीव अडकलेला असायचा बोरन्हाणात. आमच्याकडे बोरन्हाण घरोघरी वेगळं करत नाहीत, मंडळाच्या हळदीकुंकवालाच सगळ्या कॉलनीतल्या लहान मुलांचं एकत्र होतं. पाच वर्षाच्या आतली सगळी पोरं पाटावर ओळीने बसवायची, औक्षण, आणि मग डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या, हलवा, अलीकडे गोळ्या-चॉकलेटं पण. मोठी पोरं खाली लुटायला तुटून पडतात आणि पाटावरची छोटी घाबरून भोकाड पसरतात, ते दरवर्षीचंच. तर या सगळ्या बाळांना काळी झबली, काळे परकर, काळे कुडते मंडळाकडून. ते पण शिवलेले, आणि मुख्य म्हणजे त्या त्या मुलाच्या मापाने शिवलेले. संक्रांतीला काळं चालतं, नव्हे काळंच घालतात, थंडीत ऊब धरतं म्हणून, पण काळ्या कापडाचं लहान मुलांचं तयार काही तेव्हा दुकानात सहजी मिळायचं नाही. लक्ष्मी रोडवरून कटपीस आणायचे, काळ्यावर पांढरी खडी किंवा चांदण्या असलेले, आणि रविवार पेठेतून लेस, गोट, टिकल्या.

झबलं दिसायला सोपं असतं पण त्यात खूप विचार असतो, हे मी आमच्या आजींकडे बघून शिकले. आमच्या म्हणजे नात्यातल्या नाहीत, कॉलनीतल्या सगळ्यांच्याच आजी. 36 इंची पन्ह्याचं अर्धा मीटर कापड वर्षाच्या बाळाच्या झबल्याला पुरतं, पण आजी ते कापड आधी रात्रभर भिजवायला लावायच्या, आणि काळं असलं तर पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत, कारण बाळ बाही चोखणार आणि रंग पोटात जाणार. मग सावलीत वाळवून इस्त्री करून मगच कात्री. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून गळा पुढून छोटा ठेवला तरी मागून पूर्ण उघडं आणि बंद बांधायचे. बटण नाही, बटण तुटून तोंडात जातं. अगदी तान्ह्या बाळाच्या झबल्याला तर आजी शिलाईची कड बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, आतून बाळाला टोचू नये म्हणून. जरा मोठ्यांच्यासाठी आधी सुलट बाजूने टीप, मग कड बारीक कापून उलटवून परत टीप, म्हणजे कापलेली कड आतच गुडूप होते, हात फिरवला तरी कुठे खरखर लागत नाही. आणि बाजूला दोन बोटं माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. "पुढच्या संक्रांतीला उसवून घाला, लेकरू काय तेवढंच राहणारे का" हे त्यांचं ठरलेलं.

आणि खणाची कुंची! कुंची शिवताना खणाचा काठ बरोबर कपाळावर आला पाहिजे, म्हणून कापायच्या आधीच घडी घालून बघायचं, काठ पुढे, मागे डोक्याच्या गोलाईला बारीक चुण्या, खाली पाठीवर मोकळा घोळ, आतून मऊ मलमलचं अस्तर कारण खण कितीही सुंदर असला तरी बाळाच्या कानाला रखरखतो. हनुवटीखाली बांधायचे बंद सुद्धा मलमलचे. हे मलमल कधीच नवं नसायचं, कुणाच्या तरी धोतराचं नाहीतर जुन्या साडीचं, धुवून धुवून लोण्यासारखं झालेलं.

हलव्याचे दागिने पण तिथेच व्हायचे. हलव्याच्या दाण्यात सुई जात नाही, एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवत पुढे जायचं, मधे मधे सोनेरी जरीचा तुकडा. मुलांना हार, मुकुट, बासरी, मुलींना बिंदी, बांगड्या, बाजूबंद. मुलं घातल्या घातल्या बांगड्या चाटायला लागतात म्हणून दोरा पांढराच आणि स्वच्छ हातांनीच करायचं. हे काम आमच्याकडच्या एका काकूंशिवाय कुणाला नीट जमायचं नाही, आता त्यांच्या सूनबाई करतात आणि अगदी तस्संच करतात.

आता आजींबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय हे लिहिण्यात काही अर्थ नाही. आजी सेवासदनात शिवण शिकलेल्या. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सुरू केलेलं ते सेवासदन, बायकांना शिकवून स्वतःच्या पायावर उभं करणारं. आजींचे यजमान फार लवकर गेले आणि मग त्यांनी शाळेचे युनिफॉर्म शिवून, खाकी हाफ पँटी आणि निळे पिनाफोर, त्यावर मुलं मोठी केली. कॉलनीतल्या एकूण एक बाळाचं पहिलं झबलं त्यांच्या हातचं, माझं पण. मंडळाच्या वाणाचं कटिंग पूर्ण त्यांचं. आणि कार्यक्रमाच्या दिवशी मात्र आजी घरी. का, तर हळदीकुंकू सवाष्णींचं. कुणी या म्हणायचं नाही आणि त्या पण यायच्या नाहीत. सगळं वाण ज्यांच्या हातचं त्यांच्याच घरी ते वाण दुसऱ्या दिवशी तिळगुळाबरोबर कुणीतरी मुलीच्या हाती पाठवायचं. मी स्वतः नेऊन दिलंय. आजी तो बटवा उलटा करून आतली शिलाई बघायच्या, "नाडीचा काठ जरा मागे ठेवला असता तर बरं झालं असतं" म्हणायच्या, आणि मला तिळाची वडी द्यायच्या. मला तेव्हा कळायचं नाही पण राग मात्र यायचा, कुणाचा ते सांगता आलं नसतं.

हे बदललं ते कुणाच्या भाषणाने नाही. त्या वर्षी बेळगावच्या वहिनींच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण होतं, आणि त्यांनी सरळ मीटिंगमधे सांगितलं की माझ्या बाळाला कुंची आजींनीच घालायची आणि पहिली ओंजळ पण त्यांनीच घालायची, नाहीतर माझं बाळ पाटावर बसणार नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. एकदोन काकूंना नाही पटलं, त्या त्या वर्षी आल्या पण नाहीत. पण बाकीच्या सगळ्या म्हणाल्या, वहिनी बरोबर बोलतात, आपण इतकी वर्षं हे कसं चालवून घेतलं. वहिनी आणि अजून तिघी-चौघी जाऊन आजींना घेऊनच आल्या. आजींनी करड्या रंगाची साडी नेसलेली, आणि येताना पर्समधे सुई-दोरा आणि छोटी कात्री, कारण कुठल्यातरी बाळाचा बंद ऐनवेळी तुटतोच. आणि तुटलाच! पाटावरच्या एका पोराने ओढून तोडला, आजींनी तिथेच खाली बसून त्याला मांडीवर घेऊन टाके घातले. मग त्यांना हळदीकुंकू लावलं, त्यांनी लावून घेतलं.

तेव्हापासून आमच्या पत्रिकेत "सर्व महिलांनी यावे" एवढंच असतं. त्याच्या बऱ्याच वर्षांनंतर, 2022 साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या जुन्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सगळ्या पेपरात आलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी एकमेकींना आजींचे फोटो पाठवले. आजी तोवर गेल्या होत्या. मला मनापासून वाटतं की ज्या मंडळांमधे अजून ही वेगळी रांग आहे त्यांनी आधी एकत्र शिवायला बसावं. चार संध्याकाळी एका सतरंजीवर बसून एकमेकींचे दोरे कापल्यावर पाचव्या संध्याकाळी तिला येऊ नको म्हणणं जड जातं.

2020 च्या लॉकडाऊनमधे तर हेच मशीन मास्क शिवायला आलं. हॉल बंद होता पण प्रत्येकीने आपल्या आपल्या घरी, तीन पदरी कॉटनचे, वाणासाठी ठेवलेल्या कापडाचे. इलॅस्टिक मिळत नव्हतं तर झबल्याला लावतो तसलेच बंद लावले. कॉलनीतल्या सफाई कामगारांना, भाजीवाल्यांना, सोसायटीच्या वॉचमनना वाटले. 2021 च्या संक्रांतीला कार्यक्रम झालाच नाही, वाण दाराशी ठेवून बेल वाजवून लांब उभं राहायचं. त्या वर्षी जन्मलेल्या बाळांची बोरन्हाणं राहिली, ती पुढे एकदम केली आणि पाट कमी पडले.

आता नवीन मुली आल्यात, आयटीत आहेत, दमून येतात, तरी येतात. काहींनी मोटरची मशीनं घेतलीत, मोबाईलवर बघून काय सुंदर सुंदर फ्रॉक शिवतात, स्मॉकिंग (चुण्यांवरचं भरतकाम) वगैरे, ते आम्हाला कुणालाच येत नव्हतं. एकीने मागच्या वर्षी बाळंतविडा शिवला, झबली, टोपडी, दुपटं, लाळेरं, पायमोजे, सगळं एका कापडात जुळवून, आणि कॉलनीतल्या कामवाल्या मावशींच्या नातवाला दिला. मावशींनी ते दुपटं उघडून इतका वेळ हातात धरलं होतं. मशीन चालवणारे दोन मुलगे पण आहेत आता आमच्यात, एकजण कॉलेजात आहे आणि काज करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही.

आजींनी खाकी कागदावर कापून ठेवलेले झबल्याचे नमुने, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं असे, मंडळाच्या कपाटात आहेत. कडा मऊ पडल्यात म्हणून मागच्या महिन्यात आम्ही ते जाड कार्डशीटवर उतरवून घेतले, आणि त्यांच्याच अक्षरातली "माया धरलेली नाही, वेगळी सोडा" ही सूचना प्रत्येकावर तशीच लिहिली.

यंदा वाणाला चष्म्याची कव्हरं ठरलीत, आतून मऊ फ्लॅनेल, बाहेरून खण. बोरन्हाणाला नऊ मुलं आहेत, त्यात जुळ्या मुली, त्यांच्या परकरांचं माप अजून यायचंय. कटपीस आणायला येत्या रविवारी सकाळी निघायचंय, शिवायला बसणं सोमवारपासून जेवणं झाल्यावर. ज्यांना यायचंय त्यांनी नक्की या, शिवता येत नसलं तरी चालेल, दोरे कापायला आणि बॉबिन भरायला माणसं कमीच पडतात. कात्री मात्र आपापली आणा, आणि कागद कापलेली नको.