तुम्ही विचारलंत म्हणून: मागचं सगळं आधीच भरून आणता का?

कार्यक्रम संपतो, मी वायरी गुंडाळत असते आणि कुणीतरी स्टेजपाशी येतं. लातूरला एक प्राध्यापक आले होते, जालन्याला गणपती मंडळातली दोन पोरं, परभणीला तर एक आजीच. प्रश्न एकच. "ताई, ते मागं वाजत होतं ते समदं आधीच भरून आणलेलं असतंय ना?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. समोर एकटी बाई उभी, हातात एक डिमडी, आणि कानावर मात्र डिमडी, तुणतुणं, टाळ, खालच्या सुरातला आकार आणि त्यावर पुन्हा गाणं. शंका येणारच.

तर उत्तर असं, की नाही. मी स्टेजवर चढते तेव्हा पायाशी ठेवलेली ती डबी रिकामी असते. तिच्यात डिमडीचा एक ठोकासुद्धा नसतो.

तिला लूप पेडल म्हणतात. अर्ध्या विटेएवढी धातूची डबी, वर पायानं दाबायचं एक बटण. पहिल्यांदा दाबलं की ती समोरचं टिपून घ्यायला लागते. दुसऱ्यांदा दाबलं की टिपलेला तेवढाच तुकडा गोल गोल फिरवून वाजवत राहते. तिसऱ्यांदा दाबलं की त्याच तुकड्यावर नवा थर चढतो. मी आधी डिमडीवर केरव्याचं एक आवर्तन वाजवते. आठ मात्रा, साधारण चार सेकंद. ते फिरू लागलं की त्यावर तुणतुणं, मग टाळ, मग माझाच खर्जातला आवाज. चार थर बसले की हात मोकळे होतात आणि मी नाथांचं भारूड सुरू करते.

सगळा जीव त्या दुसऱ्या दाबण्यात असतो. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, दाबायचं, पण सम ऐकून मग पाय हलवला तर उशीर झालेला असतो. सम येण्याआधीच पाय निघाला पाहिजे. म्हणून मी अनवाणी वाजवते. बटण अंगठ्याखाली अर्धं दबतं, एक क्षण अडतं आणि मग टक् करतं. चपलेतून ते अडणं कळत नाही. सातव्या मात्रेला अंगठा टेकवायचा, आठवीला बटण अर्धं दाबून धरायचं, आणि सम आणि टक् एकाच वेळी. एक दशांश सेकंद जरी उशीर झाला तरी आवर्तनाच्या शेपटीला तेवढी फट राहते. दर चार सेकंदांनी तीच फट. दहा मिनिटांच्या गाण्यात दीडशे वेळा.

केजच्या पुढं एका गावात माझ्याकडून ती फट राहिली होती. मला ती कळली होती, पण गाणं सुरू झालं होतं आणि मी तशीच रेटत राहिले. कार्यक्रमानंतर एक म्हातारबाबा आले. चाळीस वर्षं भारुडाच्या फडात झील धरलेला, म्हणजे मुख्य गाणाऱ्यामागं साथीला सूर ओढलेला माणूस. त्यांनी तो नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. म्हणाले, "माय, परत्येक येढ्याला तिथंच ठेच लागायलीय बघ." मी कबूल केलं. मग डबीकडं बघत म्हणाले, "आमी झील वढताना म्होरच्याच्या तोंडाकडं बघून वढतो. ही तुज्याकडं बघतच न्हाई."

त्या रात्री अंबाजोगाईपर्यंत गाडीत मी त्यांच्या बोलण्याचाच विचार करत होते. कारण मी स्वतः एके काळी अशीच झील होते.

माझे वडील, अण्णा, तबला वाजवायचे. पहाटे रियाजाला बसले की हाक यायची, "माय, लेहरा धर." मी नऊ-दहा वर्षांची असेन. पेटीवर चंद्रकंसातला तीनतालाचा लेहरा, सोळा मात्रांची एकच ओळ, तीच पुन्हा पुन्हा. त्यावर अण्णा पेशकार, कायदे, रेले वाजवणार. लेहरा धरणाऱ्यानं काहीही करायचं नसतं. हरकत घ्यायची नाही, लय वाढवायची नाही, झोप आली तरी सोळा मात्रा सोळाच ठेवायच्या. उजवी बोटं आपोआप चालायची, पण भाता ओढणारा डावा हात खांद्यापासून दुखायचा. दुखला की भात्यातला वारा कमी पडायचा, सूर खाली बसायचा, आणि अण्णा तबला न थांबवता नुसती मान वर करायचे.

तबला शिकणारी पोरं आता मोबाईलमध्ये लेहऱ्याचं ॲप लावून बसतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. ॲपचा खांदा दुखत नाही. पण मला आणखी एक गोष्ट आठवते. अण्णांची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा, कधी कधी अंगावर यायची, त्यांचा शेवटचा धा समेच्या केसभर मागं पडणार हे मला त्यांच्या श्वासावरून कळायचं. मग मी सा किंचित धरून ठेवायचे. केसभरच. तो धा आणि माझा सा एकत्र पडायचे. अण्णांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांना ते माहीत होतं.

माझी डबी माझ्यासाठी असं थांबत नाही. म्हातारबाबांना हेच म्हणायचं होतं.

आणि आपल्या गाण्याला याची फार मोठी किंमत मोजावी लागते. आपलं गाणं चढतं. भजनाची चाल शेवटाकडं वाढत जाते, गोंधळात संबळ हळूहळू अंगात भिनत जातं. लूपची लांबी मात्र पहिल्या आवर्तनात ठरली ती ठरली. काही महागड्या यंत्रांत नंतर लय बदलता येते, पण फार बदलली तर टाळाचा आवाज ताणलेल्या रबरासारखा येतो. मी ते करत नाही. लय चढवायची वेळ आली की मी सगळं बंद करते. पूर्ण शांत. मग नुसती डिमडी, दुप्पट जोरकस, आणि पहिल्यापासून नवं आवर्तन बांधायला घेते. लोकांना तो मोड आवडतो. मला मात्र दर वेळी त्या शांततेत मृदंगवाल्याची आठवण येते, ज्यानं मला न विचारता कधीच लय उचलली असती.

वीज हा आपल्याकडचा वेगळाच अध्याय. गावातल्या स्टेजला अर्थिंग नसलं की डबीवर ठेवलेल्या अनवाणी पायाला मुंग्या येतात आणि स्पीकरमध्ये घूं असा आवाज बसतो. नुसतं गाताना तो चालून जातो, लूपमध्ये मात्र प्रत्येक थराबरोबर तो पुन्हा टिपला जातो आणि चौथ्या थराला भुंगा मधोमध येऊन बसतो. आता माझी डबी मी ९ व्होल्टच्या बॅटरीवरच चालवते.

पोरांना वाटतं हे अगदी नवं खूळ आहे. तसं नाही. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर यांनी तबकडीची खाच गोल बंद करून आवाज जागच्या जागी फिरवला होता. १९७० च्या दशकात रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवले, एकाची फीत दुसऱ्यातून ओढली, आणि एका गिटारचे थरावर थर रचले. पायाशी मावणारी यंत्रं नंतर आली. आज सगळीकडं दिसतात त्यांच्या घराण्यातलं बॉस कंपनीचं आरसी-२० हे २००१ चं. २००४ मध्ये केटी टनस्टल ही गायिका बीबीसीच्या कार्यक्रमात एकटी गिटार आणि पेडल घेऊन उभी राहिली, तेव्हा ही युक्ती घराघरात पोचली.

आता खरं सांगायचं तर आधी भरून आणणं फार सोपं आहे. घरी बसून चांगला मृदंगवाला, चांगले टाळकरी बोलवावेत, फट नसलेला ट्रॅक करावा, पेन ड्राइव्हमध्ये टाकावा आणि वर गावं. तसं करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण मला ते जमत नाही, कारण त्या ट्रॅकला आपण कुठं आहोत हेच माहीत नसतं. केजच्या लोकांसमोर जी डिमडी वाजली ती केजलाच वाजलेली असते. त्या दिवशी मांडवात गारठा असतो म्हणून डिमडीचं कातडं सैल पडून सूर उतरलेला असतो, माझा घसा बसलेला असतो, पुढच्या रांगेतलं लेकरू रडत असतं आणि तेही तुणतुण्याबरोबर फिरू लागतं. चूक झाली तर तीही तिथलीच.

माणसं साथीला मिळाली तर मी आजही डबी पेटीत ठेवून देते. पण तीन जणांचं मानधन, जीप आणि रात्रीचा मुक्काम हे सगळं गावच्या मंडळाला झेपत नाही, आणि मला गावात जायचं असतं.

इतक्या वर्षांत माझ्या एक लक्षात आलंय. हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण उशिरा आलेले असतात. सत्कार आणि भाषणं लांबणार असा अंदाज बांधून ते घरून निघतात, येतात तेव्हा चारही थर फिरत असतात. तेव्हा पुढच्या वेळी सुरुवातीलाच या आणि शक्यतो डाव्या बाजूला पुढं बसा. तिथून माझा पाय दिसतो.